पालथी घातलेली काठवट

खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर, सुकीच्या पडवीत, कुडाला टेकून बसलेली मी एक काठवट. शिवणीच्या लाकडाची, आतून खोलगट, कडेला दोन कान. सध्या माझ्यात कांदे भरलेले आहेत. कांद्यांशी माझं वैर नाही, पण मी त्यांच्यासाठी जन्मले नव्हते. मी भाकरीसाठी जन्मले होते. म्हणून आज जरा बोलतेय, ऐकून घ्या.

बांधावरची जुनी शिवण एका वादळात आडवी झाली, तेव्हा सुकीचा नवरा बुधा लाकूड तासायचा वाकस घेऊन तिच्या बुंध्याशी बसला. घरात नुकतीच मुलगी झाली होती. तिचं नाव हर्षदा. ती झोळीत झोपायची आणि बाप मला कोरायचा. आम्ही दोघी एकाच पावसाळ्यातल्या म्हणायच्या.

सुकीने माझ्यात नागली, म्हणजे तुमची नाचणी, मळायला सुरुवात केली. गरम पाणी, लालसर पीठ आणि तिच्या हाताचे तळवे. मळता मळता ती माझ्याशी बोलायची, कधी भांडायचीसुद्धा. पीठ चांगलं मळलं गेलं की माझ्या अंगाला काही चिकटून राहायचं नाही. हर्षदा रांगत यायची, माझ्या कडेला धरून उभी राहायची आणि कच्चं पीठ तोंडात घालायची. ती चालायला शिकली ती माझ्याच कानाला धरून.

या घरची एक रीत आहे. दिवाळीनंतर नवी नागली घरात आली की आधी तिची भाकर देवाला आणि गेलेल्यांना दाखवायची. मग घरच्या प्रत्येकाने तिचा तुकडा खायचा, जिथे असेल तिथून येऊन खायचा. त्याला हे लोक ‘नवा’ म्हणतात. ज्याला तुकडा वाढला नाही, त्याला घरचा धरत नाहीत. आणि मला पालथी घालायची ती फक्त घरात कोणी गेलं तर. एरवी मी कायम उताणी, कायम वाट बघत.

हर्षदा शिकली, मास्तरीण झाली. जव्हारला बदली झाली, हेमंतशी लग्न झालं, भाड्याचं का होईना, पण फरशीचं घर झालं. त्या घरात जाताना सुकीने मला पुसून, तेल लावून तिच्या हातात दिलं.

“अगं आये, मग तू कशात मळशील?” हर्षदाने विचारलं.

“मला परात चालंल. तू ने. पन हिला रोज पानी लागतं हां. कोरडी ठेवू नको, उलंल.”

पहिली काही वर्षं हर्षदाने शब्द पाळला. सकाळी शाळेत जायच्या घाईतही तीन-चार भाकरी थापायची. नवरा-बायको दोघं मजेत जेवायचे. महिन्या-दोन महिन्यांनी सुकीकडून नागलीच्या पिठाचा डबा जीपने यायचा. डब्याच्या झाकणाला तिने चिंधी बांधलेली असायची.

मग हर्षदाचं वजन वाढलं. माणसांचं वाढतं, त्यात काय एवढं, असं मला वाटायचं. पण जीप जिथे सोडते तिथून पाड्यावर जायला एक चढ आहे. एकदा त्या चढावर तिला तीनदा बसावं लागलं. पाण्याचे हंडे घेऊन वर चढणाऱ्या बाया तिच्याकडे बघून हसल्या. घरी आल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन रडली. नळ चालू होता, पण मला ऐकू आलं.

तिच्या शाळेतल्या नीता मॅडमनी तेव्हा ‘कीटो’ आणलं. म्हणजे भात नको, भाकर नको, साखर नको, बटाटा नको. अंडी खा, पनीर खा, लोणी खा, खोबरेल तेल खा. कॉफीत साजूक तूप! पहिल्या दिवशी तो कप बघून हेमंत म्हणाला, “हे प्यायचंय का यात वात लावायचीय?” हर्षदा हसली नाही. तिने नाक धरून कप रिकामा केला.

खरं सांगते, मला तिचा राग आला नाही. पोरगी जिद्दीची. पहिल्या आठवड्यात डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, हेमंतच्या ताटातल्या भाताच्या वासाने ती उठून गॅलरीत जायची. तोंडाला असा वास यायचा की वर्गातली मुलं मागे सरकायची. तरी ती हटली नाही. आणि वजन उतरलं! जुने ब्लाउज आत घ्यावे लागले. आरशासमोर ती एकटीच हसायची, तेव्हा मलाही बरं वाटायचं. मनात म्हटलं, होऊ दे बारीक, मी थांबते. काठवटीला थांबता येतं.

थांबता येतं, पण कोरडं राहता येत नाही. ती मला पाणीसुद्धा लावेना. माझ्यात अंड्यांचे ट्रे ठेवले, वर तेलाची बरणी. अंगातला ओलावा जाऊ लागला, तसं आतून काहीतरी ताणल्यासारखं व्हायला लागलं.

सुकीचा फोन यायचा. “नागली खातंस ना गं?”

“खाते गं आये. रोज खाते. संपतच आलीय, पाठव अजून.”

आणि डबे तसेच. पिठाला जाळी धरली, किडे झाले, मग एका रविवारी सगळं पीठ गटारात गेलं. आईला एवढंच सांगायचं होतं की सध्या नको पाठवू. ती समजून घेणारी बाई. पण आईला वाईट वाटेल म्हणून ही खोटं बोलली, आणि खोट्याच्या भरवशावर तिकडे म्हातारी पाठ मोडून दळत राहिली.

त्याहून मोठा घाव पुढेच होता. नीता मॅडम म्हणाल्या, “हर्षदा, तुझा व्हिडिओ करू या. सगळ्यांना प्रेरणा मिळेल.” अंडी काढून मला धुतलं. कित्येक महिन्यांनी अंगाला पाणी लागलं. मला वाटलं, आज भाकर! जीव हरखला. मला ओट्यावर मधोमध ठेवलं आणि हर्षदा मोबाईलकडे बघून बोलू लागली.

“ही आमच्या घरची काठवट. लहानपणापासून आईने हिच्यातली भाकर माझ्या पोटात कोंबली. तिला बिचारीला काय कळतं? त्या भाकरीनेच माझ्या शरीराचं वाटोळं केलं. आज मी तिला कायमचा रामराम करतेय.”

आणि तिने मला पालथी घातली.

नीता मॅडम टाळ्या वाजवत होत्या. माझं तोंड ओट्याला टेकलेलं, खाली अंधार. जिने माझा कान धरून पहिलं पाऊल टाकलं, तिने जिवंत आईच्या नावाने मला पालथी घातली होती. हा विश्वासघात होता, याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. त्याच आठवड्यात मी उलले. कडेपासून तळापर्यंत, एका बारीक आवाजानिशी. कुणाचं लक्षही गेलं नाही.

पुढे हर्षदाला चक्कर येऊ लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, “बाई, हे तुमच्या तब्येतीला मानवत नाहीये. थोडं थोडं घरचं जेवण सुरू करा.” तिने गुपचूप भात सुरू केला. वजन थोडं परत आलं. व्हिडिओ मात्र तसाच फिरत राहिला. दिवाळी झाली, नव्याचा निरोप आला. माझी भेग तिला तेव्हा दिसली. “बाबांकडून बुजवून आणते,” असं हेमंतला सांगून तिने मला पिशवीत घातलं. ती खुशीत होती. चढ तिने न बसता पार केला. पिशवीत मला तिचा श्वास ऐकू येत होता, कुठे अडकत नव्हता.

अंगणात पंगत बसलेली. सुकीने स्टीलच्या परातीत नागली मळली होती. देवाला दाखवून झालं, सगळ्यांच्या पानावर भाकरीचा तुकडा पडला. हर्षदाच्या पानावर चार उकडलेली अंडी.

“आये, हे काय?”

“कोंबडी खुडूक बसलेली, तिच्याखाली ठेवायची होती. म्हटलं, नको, पोरगी येल, तिला लागतात. तुझ्यापायी राखली.”

“मला भाकर दे ना. मी खाते आता.”

सुकी चुलीकडे बघत म्हणाली, “शेजारच्या मालूनं बाजारात तिच्या मोबाईलमधी दाखवलं. समद्या बाया बघत होत्या. मला काय कळतं, ते तू सांगलंस ना? बरोबरच सांगलंस. मला नाय कळलं. तुला बाधत होती तं मी कशाला कोंबली असती?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर हर्षदाला सोपं गेलं असतं.

बुधा म्हणाला, “वाढ गं तिला. नव्याचा तुकडा हाय.”

“नको. परत आजारी पडंल.”

हर्षदा उठली. तिने पिशवीतून मला काढलं, चुलीजवळ ठेवलं, पीठ घेतलं. “मी मळते. मी माझ्या हाताने मळून खाते, आये.” गरम पाणी ओतलं. पाणी माझ्यात थांबलं नाही. मी खूप प्रयत्न केला, देवाशपथ. भेगेतून धार लागली आणि सारवलेली जमीन भिजत गेली. हर्षदा ओंजळीने पाणी अडवत होती, सुकं पीठ बोटांतून गळत होतं.

सुकीने भेगेवरून अंगठा फिरवला. “तवापासून पालथीच ठेवलीस का?” तिने विचारलं. उत्तराची वाट न बघता ती उठली आणि तिने फडक्याने जमीन पुसली.

हर्षदा पानावर जाऊन बसली आणि तिने ती अंडी खाल्ली. चारही.

बुधाने मेण भरून बघितलं, पण गरम पाण्यापुढे मेण टिकत नाही. म्हणून मी इथेच राहिले, कांद्यांची झाले. हर्षदा फोन करते, सुकी बोलतेही नीट. पण पिठाचा डबा आता जात नाही, आणि पाठव म्हणायची हिंमत हर्षदाला होत नाही.

तुम्हाला बारीक व्हायचंय ना, खुशाल व्हा. भाकर सोडायची तर सोडा, तिचा मान त्याने कमी होत नाही. पण जिने भरवलं तिला तोंडावर सांगून सोडा. आणि घरातल्या काठवटीत अधूनमधून ओंजळभर पाणी घाला. नाहीतर परत याल तेव्हा आम्हाला तुमच्यासाठी पाणीसुद्धा धरून ठेवता येणार नाही.