अक्काची ताई झाली तेव्हा

मित्रांनो, इकडे, खिडकीशेजारच्या भिंतीकडे बघा. मीच बोलतोय, सुनंदाबाईंचा म्हातारा फळा. माझा एक कोपरा उडालाय, रंगही विटलाय. पण इंदिरानगरातल्या या घरात एकेकाळी माझा काय थाट होता म्हणून सांगू!

देवाप्पा सुताराने मला एका मोडक्या दारापासून बनवलं. दार होतो तेव्हा लोक मला नुसते ढकलायचे. फळा झालो आणि मान मिळाला. सुनंदाबाईंचं घराणं पिढ्यानपिढ्या बंगळूरचं. त्या सकाळी शाळेत शिकवायच्या, दुपारी मराठी कथा लिहायच्या आणि रविवारी लोकांना लिहायला शिकवायच्या. एक्क्याण्णव साली वर्ग सुरू झाला, तेव्हा पेठेतले दुकानदार येत, पुण्याहून नोकरीला आलेली कॉम्प्युटरवाली मुलंही येत. कथेचं पहिलं वाक्य माझ्यावर लिहायचं आणि मोठ्याने वाचायचं, अशी रीत होती. कुणी पुस्तकी भाषा झाडली की बाई डोळे वटारत.

"घरात भांडता ना? तस्सं लिहा. सरी?"

त्यांचं ते कानडी 'सरी', म्हणजे 'ठीक?', ऐकून वर्ग खदखदून हसे. खडूने मी पांढराफटक व्हायचो, पण तेव्हा मला स्वर्ग दोन बोटं उरला होता.

मग बाईंनी आपल्या थोरल्या बहिणीवर, रत्नाबाईंवर, कथा लिहिली. आई लवकर गेली, तेव्हा बाईंना वाढवलं ते या अक्काने. ती नुकतीच वारली होती. तिचा आवाज कुठेतरी राहावा, एवढ्यासाठीच ती कथा होती. बाईंची लाडकी विद्यार्थिनी आसावरी, मूळची पुण्याची. तिने हौसेने कथा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि तिकडच्या एका दिवाळी अंकाला पाठवली.

अंक आला. पेढे वाटून झाले. बाई उभ्या राहून वाचू लागल्या आणि अडखळल्या. अक्काची ताई झाली होती. "सुनंदे, ऊठ गे, स्वल्प कॉफी घे," म्हणणारी अक्का अंकात "सुनंदा, ऊठ, थोडी कॉफी घे" असं म्हणत होती.

"तिकडच्या वाचकांना कळावं म्हणून मी जरा शुद्ध केलं, बाई," आसावरी शाबासकीची वाट बघत म्हणाली.

"छान केलंस हो," बाई म्हणाल्या. "पण ही कोण? हिला मी ओळखत नाही."

त्या आत गेल्या. वर्ग बंद पडला, बाईंचं लिहिणंही. माझ्यावर कॅलेंडर लटकलं, मग ओल्या छत्र्या. मला स्वतःपेक्षा बाईंचंच जास्त वाईट वाटायचं. त्यांची बहीण दुसऱ्यांदा गेली होती.

एका रविवारी आसावरी आली. रडून डोळे सुजलेले. तिने छत्र्या काढल्या, ओढणीनेच मला पुसलं आणि खडू हातात घेतला.

"बाई, अक्का कशा बोलायच्या? तुम्ही सांगा. मी फक्त ऐकीन."

बाई हळूच म्हणाल्या, "मी अनवाणीच हुंदडायची. अक्का दारातून ओरडायची, 'सुनंदे, चप्पल कुठंय गे? पाय भाजून घेतीस काय? बेग ये घरात!'"

आसावरी लिहीत गेली. 'बेग'पाशी तिचा हात थबकला. 'लवकर' म्हणणारा तो कानडी शब्द तिला कळला नव्हता. तरी तिने तो आला तसाच लिहिला. ते बघून बाई हसल्या आणि हसता हसता रडू लागल्या.

मित्रांनो, जुन्या फळ्यावर धूळ बसू देऊ नका, एवढं तर मी मागतोच. पण घरातलं म्हातारं माणूस बोलू लागलं, तर त्याची भाषा सुधारायला धावू नका. ते गेल्यावर तुम्हाला नेमकी तीच ऐकावीशी वाटेल.