बंद कपाटांचं स्वयंपाकघर

सुट्टीत येणाऱ्या पाहुण्यांना मागची खोली द्यायची, हे बायकोनं मला विचारलं नाही, सांगितलं. पाहुणे म्हणजे आमच्या मुलीचे सासू-सासरे. लग्नानंतर पहिल्यांदाच ते आमच्याकडे राहायला येणार होते. मुलगी त्यांना घेऊन येणार होती आणि जावई कामातून सुटला की मागून येणार होता.

मागच्या खोलीत एक पलंग आहे, एक खुर्ची आहे, पुस्तकं आहेत आणि बहुतेक वेळ मी आहे. घरी कोणी आलं की मी ‘जरा एक संदर्भ बघून येतो’ असं पुटपुटत तिकडे जातो. तो संदर्भ पाहुणे जाईपर्यंत सापडत नाही.

“पुस्तकं पलंगाखाली जातील,” बायको म्हणाली. “तुम्ही कुठे जाणार ते तुम्ही बघा.”

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला.

“बाबा, एक सांगू? सासऱ्यांना वाटतं, तुम्हाला ते आवडत नाहीत.”

“मी असं कधी म्हणालो?”

“तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, तेच तर. अख्ख्या लग्नात तुम्ही त्यांच्याशी दोन वाक्यं बोललात. त्यातलं एक ‘पंखा लावू का’ होतं.”

“आणि दुसरं?”

“‘बंद करू का’.”

 मुलीनं आवाज खाली आणला. “ते मनाला लावून घेतात, बाबा. यायला तयारच नव्हते. त्यांना कशाला त्रास, म्हणाले. मी गळ घातली म्हणून येतायत. या खेपेला त्यांच्याशी दोन शब्द बोला. नाहीतर ते पुन्हा यायचे नाहीत, आणि मी आयुष्यभर इकडचं तिकडे समजावत बसेन.”

मी फोन ठेवला. मुलीचं म्हणणं खरं होतं आणि ते मला जमणार नव्हतं, याचीही मला खात्री होती.

खरं तर मी अगदीच मुका नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मी सारी नोकरी काढली. तिथे बंद कपाटांची पद्धत होती. वाचकाला आत यायची परवानगी नसे. त्यानं काउंटरवर येऊन पुस्तक मागायचं आणि मी आत जाऊन ते आणून द्यायचं. त्या काउंटरमागे मी चांगला बोलत असे, कधीकधी तर विनोदही करत असे. समोरच्याला काहीतरी हवं असे आणि ते कुठे आहे हे मला ठाऊक असे. बोलायला एवढा आधार मला पुरतो. पण तोच माणूस काही न मागता सोफ्यावर नुसता बसला, तर माझी जीभ टाळ्याला चिकटते. सोफ्याला काउंटर नसतं.

हा विचार करता करताच मला ती कल्पना सुचली. ती चांगली होती की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

“स्वयंपाकघर मी लावतो,” मी सकाळी म्हणालो.

बायको स्टुलावर उभी राहून माळा पुसत होती. तिचा हात थांबला. “अंगात ताप आहे का?”

“पाहुणे यायचे म्हणजे सगळं पद्धतशीर हवं. एका प्रकारच्या वस्तू एका जागी. त्याचं शास्त्र असतं.”

“मला आंधळी कोशिंबीर खेळत चहा करता येतो या घरात.”

“म्हणूनच. इतरांना येत नाही.”

 तिनं खाली उतरून हातातलं फडकं मला दिलं. “लावा,” एवढंच म्हणाली.

मी लावलं. शेगडीजवळची साखर कोरड्या पदार्थांत, वरच्या कपाटात गेली. चहाची गाळणी छिद्रं असलेल्या वस्तूंमध्ये गेली, किसणी आणि चाळणीच्या पलीकडे. कान असलेले कप एकीकडे आणि कान तुटलेले दुसरीकडे. कात्री धारदार वस्तूंत जायला हवी होती, पण ती दोन पायांची वाटली म्हणून सांडशीच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. काही वस्तू कुठेच बसेनात, त्यांना ‘संकीर्ण’ या एका मोठ्या विभागात घेतलं. चिठ्ठ्या मात्र कुठेही चिकटवल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच मी कपाटांना चिठ्ठ्यांवाचून सोडलं.

बेत सरळ होता. मी व्याह्यांसमोर बसणार. आतून कोणी ना कोणी ‘अमुक कुठे आहे’ असं विचारणार. मी उठणार, देणार, परत येणार. हे पळून जाणं नव्हे, असं मी स्वतःला समजावलं. बसायचंच, फक्त मधूनमधून उठायचं.

पाहुणे आले. व्याही उंच, रुंद खांद्यांचे गृहस्थ. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. ते सोफ्यावर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले. विहीणबाई पाणी पिऊन तडक स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथे दोघी बायका जन्माची ओळख असल्यासारख्या बोलू लागल्या.

“प्रवास बरा झाला?” मी विचारलं.

“बरा झाला.”

“गर्दी होती?”

“नव्हती.”

गर्दी नसल्यानं विषय संपला. मुलगी दारातून माझ्याकडे बघत होती. मी पंख्याकडे पाहिलं आणि चटकन नजर खाली घेतली.

“अहो, साखर कुठे ठेवलीत?” आतून हाक आली.

माझा जीव भांड्यात पडला. मी जाऊन साखर काढून दिली. परत येऊन टेकतो न टेकतो तोच गाळणीची हाक आली. मग कपांची.

“तुमच्याकडे साखरेलाही अर्ज करावा लागतो वाटतं,” विहीणबाई म्हणाल्या.

“अर्ज मंजूर होतो हे काय कमी आहे,” बायको म्हणाली. “साहेब नोकरीत होते तेव्हा तर दंडही घ्यायचे.”

मी समाधानानं बाहेर आलो, तर मुलगी वाटेतच उभी. “बाबा, तुम्ही बसतच नाही आहात,” ती हळूच म्हणाली. “ते बघा कसे बसलेत. परतीचं तिकीट खिशात असल्यासारखे.”

मी पाहिलं. व्याही रिकाम्या खुर्चीकडे, म्हणजे माझ्या खुर्चीकडे बघत होते. माझा बेत नको इतका यशस्वी झाला होता.

मी जाऊन खुर्चीत बसतो तोच “अहो, कात्री,” पुन्हा हाक आली. आता उठावं की बसावं, मला कळेना. मी अर्धवट उठलो. तेवढ्यात व्याहीही उठले.

“मी येऊ का?” ते म्हणाले. “म्हणजे, शोधायला.”

आम्ही आत गेलो तेव्हा बायका चहाचा ट्रे घेऊन हॉलमध्ये निघाल्या होत्या. “दोन कप ओट्यावर ठेवलेत,” बायको जाता जाता म्हणाली. मी सांडशीचा ड्रॉवर ओढला. तो नेहमीसारखा अर्ध्यावर अडला. व्याह्यांनी वाकून आत डोकावलं आणि त्यांचा चेहरा एकदम निराळा दिसायला लागला.

“पट्टी सुटलीय,” ते म्हणाले. “स्क्रू ड्रायव्हर आहे का?”

त्यांनी माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. मी काउंटरमागे असल्यासारखा ताठ झालो. “आहे ना,” म्हणालो. आणि तो कुठे आहे ते मला आठवेना.

धारदार वस्तूंत पाहिलं. लांब दांड्याच्या वस्तूंत पाहिलं. संकीर्ण विभाग अख्खा खाली काढला.  मी मांडलेल्या कपाटांपुढे मीच अनोळखी वाचकासारखा उभा होतो.

“नसेल तर राहू दे,” व्याही म्हणाले. “तुम्हाला कशाला त्रास.”

हेच ते वाक्य. आता ते परत जाऊन सोफ्यावर बसणार आणि पुन्हा कधी उठणार नाहीत, असं मला स्पष्ट दिसलं.

“पिठाच्या डब्यामागे,” हॉलमधून बायकोचा आवाज आला, गप्पांच्या मधेच, अगदी सहज. “सांडशीच्या ड्रॉवरमध्ये मावेना म्हणून तिकडे सारलात.”

स्क्रू ड्रायव्हर तिथेच होता. तो व्याह्यांच्या हातात देऊन मी दारापर्यंत गेलो आणि तिला खुणेनं बोलावलं.

“तुला माहीत होतं कुठे काय आहे?”

“तुम्ही लावलंत त्याच दिवशी बघून ठेवलं. माझं स्वयंपाकघर आहे ते.”

“मग साखरेला हाक कशाला मारलीस?”

“एवढा खटाटोप कशासाठी केला होतात मग? म्हटलं, माणसानं जीव तोडून मांडलंय, तर माराव्यात चार हाका. घसा बसला माझा.” तिनं माझ्या खांद्यावर लागलेलं पीठ झटकलं. “आता नाही मारणार. जा आत, ते एकटे आहेत.”

व्याही फरशीवर बसले होते, ड्रॉवर मांडीवर घेऊन. मी चहाचे कप घेऊन खाली बसलो. बसायला मला वेळ लागतो, त्यांनी हात दिला.

“लिफ्टच्या खड्ड्यात मी एकटाच असायचो,” ते स्क्रू फिरवत म्हणाले. “वरून माणसं विचारायची, किती वेळ लागेल. मी खालून सांगायचो. तोंड दिसत नसलं की मला बरं बोलता येतं.”

“मला काउंटर लागतं.”

त्यांनी मान हलवली, जणू हे सगळ्यांनाच लागतं. मग म्हणाले, “लग्नात मला वाटलं, तुम्ही फार मानी असणार.”

“आणि मला वाटलं, तुम्ही.”

“पंखा बंद करू का म्हणालात ना, तेव्हा मी समजलो की आता आपण निघावं.”

“तुम्हाला थंडी वाजत असेल असं मला वाटलं.”

“वाजत होती,” ते म्हणाले. “पण म्हणणार कसं?”

मुलगी दारात आली. तिनं फरशीवरचे आम्ही दोघे, ड्रॉवर आणि दोन कप पाहिले. ती मागे फिरली. “ते दोघे कामात आहेत,” हॉलमध्ये तिचा आवाज आला, जरा चढलेला.

“कसलं काम?” विहीणबाई म्हणाल्या. “अहो, बाहेर या की. माणसं बसलीत इथे.”

व्याह्यांनी ड्रॉवर जागेवर बसवला. तो लोण्यासारखा आत सरकला. त्यांनी त्याच्याकडे जरा खेदानं पाहिलं आणि मग दबक्या आवाजात विचारलं, “आणखी एखादा अडतो का?”

दुसरा एकही अडत नव्हता. मी त्यांच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर घेतला, वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणारा चमच्यांचा ड्रॉवर उघडला आणि त्याचा एक स्क्रू सैल केला.

“हा बघा,” मी म्हणालो. “फार त्रास देतो.”

सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत घडलं होतं. त्यांनी ड्रॉवर आत-बाहेर करून पाहिला आणि गंभीरपणे मान हलवली.

“बराच बिघडलाय,” ते म्हणाले. “वेळ लागेल याला.”