छपाईच्या खोलीतली ओल

पोहण्याच्या क्लासचे टी-शर्ट शेवटी झकास छापून झाले. आता हे झालंच नाही असं धरून पुढे वाचा, कारण छापणारीचाही त्यावर विश्वास बसला नव्हता.

आधीच्या दोन खेपा वाया गेल्या होत्या. अक्षरं ठसठशीत, पण भोवती पांढरी कणी, जणू टी-शर्टला कोंडा झालाय. क्लासच्या सरांनी निरोप धाडला, "ताई, पुन्हा असंच झालं तर आम्ही दुसरीकडे जाऊ." कायमचं गिऱ्हाईक ते एकच. ते गेलं तर मशीन विकायचं, असं नवऱ्याशी ठरलं होतं. त्याने मशीनचे चहूबाजूंनी फोटोही काढून ठेवले होते. बायकोचे एवढे त्याने लग्नातही काढले नव्हते.

काम तसं साधं. प्लास्टिकच्या पातळ फिल्मवर छापायचं, ओल्या शाईवर गोंदाची पावडर टाकायची, उरलेली झटकायची, मग तापवून कापडावर दाबायचं. पण पावडर शाई सोडून कोऱ्या फिल्मलाही बिलगत होती, बोलावलेलं नसताना जेवायला बसल्यासारखी. तिने शाई बदलली, पावडर बदलली, नोझल पुसून पुसून हात दुखले. शेवटी खुर्चीत मान मागे टाकली तेव्हा पहिल्यांदाच तिची नजर वर गेली. वर दोरी होती. दोरीवर सासऱ्यांची पँट, दोन टॉवेल आणि एक भलीमोठी चादर.

"आई, हे इथे कधीपासून?"

"गेल्या महिन्यापासून," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या मशीनमुळे खोली छान उबदार असते. तुझ्या धंद्याचा घराला तेवढा तरी उपयोग."

"अहो, या कपड्यांची ओल फिल्म पिते. मग पावडर सगळीकडे चिकटते."

"मग फिल्म बाहेर वाळत घाल."

"आईचं बरोबर वाटतंय," दारातून नवरा म्हणाला. त्याला जी शेवटी बोलेल तिचं बरोबर वाटे.

वाद घालायला अंगात त्राण नव्हतं. तिने कपडे जिन्यात नेले, खोली कोरडी होऊ दिली, सीलबंद पाकिटातली नवी फिल्म घेतली. पावडर झटकली तशी कोरी जागा काचेसारखी लख्ख निघाली. दाबून, पूर्ण गार झाल्यावर तिने फिल्म सोलली. कणीचं नाव नाही.

"हे आधीच का नाही केलंत?" सर म्हणाले आणि पुढची ऑर्डर देऊन गेले.

ती खोलीत परतली, तर दोरीवर चादर. जिन्यात वाळत नाही म्हणे.

तिने दारावर कागद चिकटवला: घरातील सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, पुढील ऑर्डर पूर्ण होईपर्यंत कोणीही घाम गाळू नये, आंघोळ करू नये व कपडे मळवू नयेत. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती.