आधी म्हणजे कधी

मुकादमांच्या तीस वर्षांच्या नोकरीत बोटीत एक पेटीसुद्धा उलटसुलट बसली नव्हती, आणि हे ते स्वतःच येता-जाता सांगत असल्यामुळे ते विसरायची कुणाची सोय नव्हती. म्हणून समोरचा किनारा शत्रूकडून परत घ्यायचं ठरलं आणि धक्क्यावर एकदम अकरा बोटी भरायला लागल्या, तेव्हा पहिली बोट त्यांच्या वाट्याला आली. पहिली म्हणजे जिच्यातली माणसं सगळ्यांत पुढे उतरणार होती ती.

धक्क्याला सकाळपासून लग्नघराची कळा आली होती. जो तो घाईत होता आणि ज्याला त्याला दुसऱ्याचं काम जास्त कळत होतं. रंगाऱ्याने बोट राखाडी करता करता शिडीवर झोपलेल्या मांजराची शेपटीही राखाडी केली होती. चष्मेवाला तरुण कप्तान पेट्यांमधून फिरत होता. त्यातल्या पाण्याच्या, पट्ट्यांच्या अशा तीनशे पेट्यांवर त्याने लाल रंगात 'आधी' असं लिहिलं होतं.

"या पेट्या आधी," तो म्हणाला.

"साहेब, तुम्ही नुसतं बोट दाखवा," मुकादम म्हणाले. "बाकी माझ्यावर सोडा."

दुपारपर्यंत तीनशेच्या तीनशे पेट्या आधी भरून झाल्या, बोटीच्या पोटात अगदी तळाशी, ओळीने. त्यांच्यावर पिठाची पोती, तंबू, घडीच्या खुर्च्या आणि एक टाइपरायटर चढला. मुकादमांनी वरून एकदा नजर टाकली आणि स्वतःवरच खूश होऊन ते जेवायला उतरले.

डबा घेऊन बायको आली होती. सोबत मुलगी होती, नवऱ्यासाठी भरलेली कापडी पिशवी घेऊन. हा नवरा शाळेत मास्तर. आता जखमींना उचलणाऱ्या तुकडीत होता आणि याच बोटीने निघाला होता. चार महिन्यांपूर्वी मुलीने त्याच्याशी लग्न केलं, तेव्हा मुकादमांनी "बोट भरायची आहे" म्हणून तिकडे पाठ फिरवली होती. त्या दिवशी धक्क्यावर एकही बोट नव्हती, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. जावयाला 'तू' म्हणावं तर बरं दिसत नाही, 'तुम्ही' म्हणावं तर मान दिल्यासारखं होतं. त्यामुळे मुकादम त्याच्याशी बोलतच नसत.

"ही काय पिशवी भरलीस?" बायको मुलीला म्हणाली. तिने सगळं बाहेर काढलं. "मलम तळाशी आणि स्वेटर वर? अगं, जे आधी लागतं ते शेवटी भरायचं असतं. मुकादमाची मुलगी ना तू?"

मुकादमांचा घास हातातच राहिला. त्यांनी बोटीकडे पाहिलं. तीनशे पेट्या अगदी तळाशी होत्या.

गप्प बसणं सोपं होतं. पलीकडे पोहोचेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता, आणि पलीकडे मुकादम थोडेच असणार होते. पण तिथे मास्तर असणार होता, शेजारी कुणीतरी विव्हळत असताना पिठाच्या पोत्यांखाली पट्ट्या शोधत. माणूस नापसंत असला म्हणून काय झालं, मुलीचं सगळं सुख त्याच्यापाशी होतं. मुकादम डबा तसाच टाकून उठले.

"साहेब, तुम्ही आधी लिहिलंय. ते आधी भरायचं, की आधी काढायचं?"

"काढायचं," कप्तान म्हणाला. "दोरशिड्या, पाणी, पट्ट्या. उतरल्या उतरल्या लागणार ना." मग त्यांचा चेहरा पाहून त्याने चष्मा काढला. "कुठे भरल्यात?"

"तळाशी."

कप्तान खाली बसला. "चूक माझी. मी नीट लिहायला हवं होतं."

"तुमची अर्धी," मुकादम म्हणाले. "अर्धी माझी, आणि माझी अर्धी मोठी आहे. भरतीला साडेचार तास आहेत. माणसं द्या."

दुसऱ्या बोटींकडे निरोप धावले. हमाल कमी पडले तेव्हा सैनिकांनी शर्ट काढले आणि रांग धरली.

"मुकादम, तीस वर्षांत एक पेटी चुकली नाही ना?" एक म्हातारा हमाल म्हणाला.

"एक नाही चुकली. तीनशे चुकल्या. उचल."

रांगेत मुकादमांच्या शेजारी नेमका मास्तर आला. हा दहाव्या पेटीला बसेल, असा मुकादमांचा हिशेब होता. शंभराव्या पेटीला मास्तरच विचारत होता, "मुकादमसाहेब, थोडं थांबायचं का?" मुकादमांनी मानेनेच नाही म्हटलं, कारण बोलायला दम उरला नव्हता.

"हा शब्द खोडायला हवा," मास्तर म्हणाला. "नाहीतर पुन्हा घोटाळा होईल." त्याच्या खिशातून खडू निघाला, युद्धावर निघाला तरी मास्तर तो मास्तर. "काय लिहू?"

"वर," मुकादम म्हणाले. "वर ठेवायच्या, म्हणून वर."

मास्तरने वळणदार अक्षरात लिहायला घेतलं. वर, वर, वर. तो म्हातारा हमाल पेट्यांकडे बघत राहिला.

"एवढे वर? मुकादम, तुमची मुलगी तर एकच."

अख्खी रांग हसली, आणि रांगेत कुणाशेजारी कोण उभं आहे हे आठवून एकदम गप्प झाली. मुकादम कानापर्यंत लाल झाले. "काम करा," ते म्हणाले.

साडेचारला शेवटची पेटी चढली. खुर्च्या आणि टाइपरायटर तळाशी गेले होते, आणि त्यांचं कुणालाही दुःख नव्हतं. भोंगा झाला. मुलीने पिशवी दिली, मास्तरने ती खांद्याला लावली आणि तो फळीकडे निघाला.

"थांबा," मुकादम म्हणाले.

मुलगी वळून वडिलांकडे बघतच राहिली. जावयासाठी त्यांच्या तोंडून हा पहिला 'तुम्ही' निघाला होता.

"खडू द्या जरा."

त्यांनी पिशवीवर लिहिलं. तीस वर्षं पेट्यांवर लिहून त्यांचं अक्षर मोठं आणि वाकडं झालं होतं: वर.

"ही माझ्या खांद्यावरच राहणार आहे," मास्तर म्हणाला. "वर ठेवायची गरज नाही."

"ठेवण्यासाठी नाही लिहिलं."

मुलीने वाचलं. ती आधी हसली, मग पदराने डोळे पुसू लागली, मग पुन्हा हसली. मास्तर पिशवीवरून हात फिरवणार होता, पण खडू पुसेल म्हणून त्याने हात मागे घेतला.

"येतो, बाबा."

"या," मुकादम म्हणाले. "सगळ्यांच्या आधी."