नाल्याकाठचे मोह

तीस वर्षांनंतरचं आपलं गाव शाळेच्या भिंतीवर रंगवायचं आणि मग ज्वारीच्या कण्या, अंबाडीची भाजी मिळून खायची, असा बेत सरपंच अंजनाबाईंनी आखला होता. मानोऱ्याजवळचं ते अख्खं गाव जमलं. बायकांनी चित्रातल्या नाल्याकाठी मोहाची हिरवीगार झाडं रंगवली. जगदेवनं ब्रश घेतला, पण त्याचा हात उचलेना.

उन्हाळ्यात त्यानं शेतातली गव्हाची धसकटं पेटवली होती. वारा सुटला आणि नाल्याकाठचे सात मोह जळाले. आळ आला मेंढपाळ बिरूवर. गावानं त्याच्या मेंढ्यांना नाल्याच्या पाण्यावर येऊ दिलं नाही. जगदेव गप्प राहिला.

"झाडाइभोवती कुंपण रंगव, जगदेव," अंजनाबाई म्हणाल्या. "नाई तं बिरू पुन्हा जाळन."

"त्यानं नाई जाळले, काकू. आग म्या लावली होती."

अंजनाबाई त्याच्याकडे वळल्या.

"मंग इतके दिवस काहून नाई सांगतलं?"

"भेलो होतो."

अंजनाबाईंनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "जाय, आधी त्याले जेवाले घिऊन ये."

शेजारच्या शिवारात जाऊन जगदेवनं बिरूपुढे हात जोडले, सगळं कबूल केलं.

"माह्या मेंढ्या पाण्यावाचून मेल्या, तवा कुठी होता तू?" बिरूनं विचारलं. तो जेवायला आला नाही.

गावानं बंदी उठवली. जगदेवनं नाल्याकाठी मोहाची रोपं लावली. पंधरा दिवसांनी बिरूचा कळप पाण्यावर आला. जगदेवशी तो बोलला नाही, पण रोपं दिसताच त्यानं मेंढ्या लांबून वळवल्या.