चादरीखालची पाच पायांची बकरी

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे, पण अजून कोरा दिसतो. हेच माझे दुखणे होते.

माझा जन्म दागेस्तानच्या डोंगरात झाला. तिथे एका खोऱ्यातली भाषा दुसऱ्या खोऱ्यात कळत नाही. माझी लोकर एका भाषेत कातली गेली, दुसऱ्या भाषेत रंगवली गेली आणि पातिमात नावाच्या बाईने तिसऱ्याच भाषेत पुटपुटत मला विणले. विणताना ती जावेशी भांडत होती, म्हणून माझ्या कोपऱ्यातल्या बकरीला पाच पाय झाले. मागावरून उतरवल्यावर तिने मला अंगणात टाकले आणि साऱ्या गल्लीला माझ्यावरून चालायला लावले. पायांनी गाठ घट्ट बसते, असे ती मानत असे.

पुढे मी सिंगापूरच्या एका दुकानात आलो आणि तिथून त्याच शहरातल्या बेडोक भागात, आठव्या मजल्यावर, संजीव आणि नंदा यांच्या फ्लॅटमध्ये. नंदाने माझे फार कौतुक केले आणि लगेच माझ्यावर चादर घातली. चादर मळू नये म्हणून तिच्यावर प्लास्टिक. पाहुणे आले की दोन्ही निघत. मग पाहुणेच मला बिचकत आणि भिंतीला चिकटून बसत.

इथली हवा दमट. दोन वर्षांत मला कुबट वास यायला लागला. नंदाने आधी संजीवच्या मोज्यांना दोष दिला, मग शेजारच्या टॅन आंटींच्या उग्र वासाच्या ड्युरियन फळाला. आंटी आठवडाभर बोलल्या नाहीत. शेवटी वासाचा माग माझ्यापर्यंत आला आणि शनिवारी मला कचऱ्यात टाकायचे ठरले.

संजीव मला गुंडाळू लागला, तेव्हा त्यांची नऊ वर्षांची चैत्राली जवळ आली. आजवर तिला माझ्यावर खेळायची बंदी होती.

"आई, धिस गोट गॉट फाइव्ह लेग्ज, लाह," ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

नंदाने वाकून दोनदा पाय मोजले. "दोन वर्षांत मला कसं दिसलं नाही हे?"

"तू दिसू कुठे दिलंस?" संजीव म्हणाला.

नंदाने गुंडाळलेला भाग पुन्हा उलगडला. मग म्हणाली, "राहू दे. उन्हात घाला."

मला बाहेरच्या कठड्यावर टाकले. टॅन आंटी काठी घेऊन आल्या आणि कोणी न सांगता त्यांनी मला झोडपले. ड्युरियनचा राग त्यांनी माझ्यावर काढला. वास मात्र गेला.

आता मी उघडा असतो. चैत्राली माझ्यावर अभ्यास करते, संजीव लोळतो. नंदा मेथी निवडायला बसली की अजून खाली वर्तमानपत्र पसरते. तेवढे मी चालवून घेतो.

मित्रांनो, आवडती वस्तू झाकून कुजवू नका, वापरा. कधी बेडोकला आलात तर पाय धुऊन या आणि खुशाल बकरीवर उभे राहा. तिला पाच पाय आहेत, तुमच्या दोन पायांचा भार तिला होणार नाही.