काचेने गाळलेले मागणे

होसियत ओतिनची नजर गेल्या हिवाळ्यात मंदावली. हे घरात एकट्या सुनेला, नफोसतला, ठाऊक होते. मोहल्ल्यात कोणालाही नाही.

मार्गिलानच्या त्या मोहल्ल्यात बायका अडल्या की मंगळवार धरत. कोणाचे माणूस अंथरुणाला खिळलेले असे, कोणाची लेक रुसून माहेरी आलेली असे. त्या दिवशी पिठाची पेज शिजे, सात कुलचे भाजले जात, ताटात पीठ चाळून, हाताने सपाट करून त्यावर पांढरे फडके घालत आणि ओतिनला, म्हणजे पोथी वाचणाऱ्या बाईला, बोलावणे जाई. ओतिन कहाणी वाची. कहाणीच्या मधोमध जुन्या फारसीतले मागणे येई. ते कोणाला कळत नसे, बायका नुसत्या ओंजळी धरून ‘आमीन’ म्हणत. शेवटी फडके उचलून पीठ बघायचे. पिठावर कोंबडीच्या पावलाएवढी खूण दिसली की मागणे पोचले.

चाळीस वर्षे हा मान होसियतचा होता. पाठ म्हणायचे नाही, अक्षर बघूनच वाचायचे, असे तिच्या गुरुआईने तिला बजावले होते. "पाठ म्हणायला लागलीस तर एखाद दिवशी आपल्या पदरचं घालशील," असे त्या म्हणत. त्यांनीच दिलेली हाताने लिहिलेली पोथी होसियत वाचत आली होती. आता त्या पोथीतल्या ओळी तिला मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसत.

नफोसत शाळेत शिकवत असे. तिने तीच कहाणी इंटरनेटवर शोधून काढली, तीन दिवस बसून पोथीशी शब्द न् शब्द ताडून पाहिली आणि सासूच्या हातात टॅब ठेवला. दोन बोटे फाकवून अक्षर हवे तेवढे मोठे करता येई. होसियतला रडू आले. मग डोळे पुसून ती म्हणाली, "हे पोथीच्या पुठ्ठ्यात मावेल का गं?"

"आयी, लपवता कशाला? सांगून टाका ना."

"ओतिन आंधळी झाली म्हणून सांगू? उद्या पलीकडच्या गल्लीतली बोलावतील."

टॅब पुठ्ठ्यात बरोबर बसला. पोथी रेहलवर, लाकडी घोडीवर, उघडी, तिच्यामागे ओतिन, समोर बायका माना खाली घालून. कोणाला काय दिसणार?

पहिल्या महिन्यातच फजिती झाली. रोबियाच्या घरी कहाणीतली पोरकी मुलगी नदीकाठी रडत बसली होती, इतक्यात काचेवर तोकड्या कपड्यातली एक बाई साबण दाखवत नाचू लागली. होसियतने घाईघाईने तिच्यावर बाही पसरली आणि पुढचे चार शब्द खोकल्यात घालवले.

घरी आल्याबरोबर ती सुनेला म्हणाली, "हा ब्राउझर काढून टाक. मला शालीन असा दुसरा दे."

नफोसत हसली. "शालीन ब्राउझर! थांबा, स्थळं दाखवते तुम्हाला." अंगणातल्या तापचानवर, रुंद लाकडी बाजेवर, बसून तिने तीन ब्राउझर एकेक करून उघडले. "हा टॅबबरोबर आलेला. पान पूर्ण दाखवतो, पण जाहिरातीही दाखवतो. हा दुसरा जाहिराती कमी करतो, पण अक्षर मोठं केलं की ओळ काचेबाहेर जाते, दर ओळीला बोटाने डावी-उजवीकडे ढकलत बसावं लागेल."

"माझं बोट थरथरतं. जरा दाबून राहिलं की शब्द निळा होतो आणि वर भलतंच काहीतरी उगवतं."

"म्हणून हा तिसरा बघा. याला वाचनाचं बटण आहे. दाबलं की नुसतं अक्षर. चित्र नाही, बाई नाही, साबण नाही. बटणंही खाली, अंगठ्यापाशी."

पान क्षणात धुतल्यासारखे स्वच्छ झाले. पांढऱ्यावर काळी, बोराएवढी अक्षरे. "हाच," होसियत म्हणाली. तेव्हा तिने ते वरपासून खालपर्यंत वाचून पाहिले नाही. स्वच्छ दिसले, तेवढे तिला पुरले.

त्या ब्राउझरवर तिने पहिल्यांदा वाचले ते मुकद्दसच्या घरी. मुकद्दसची लेक भांडून माहेरी आली होती. कहाणी अर्ध्यावर आली आणि मागणे आलेच नाही. पोरकी मुलगी म्हातारीच्या दारात हात पसरते, पुढची ओळ एकदम लग्नाची. होसियतने बोट वर नेले, खाली नेले. नाही. तिला अर्धे मागणे तोंडपाठ होते, अर्धे नाही. टॅब पुठ्ठ्यातून काढून सुनेला बोलावून घ्यावे तर सगळे उघडे पडणार. बायका ओंजळी धरून बसल्या होत्या. तिने ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटल्यासारखे केले. बायका ‘आमीन’ म्हणाल्या.

आणि फडके उचलले तर पिठावर खूण होती, ठसठशीत! मुकद्दसने ओतिनचे हात डोळ्यांना लावले. आठवड्याने लेक नांदायला गेली. होसियतने मनाला समजावले की ज्याला ऐकायचे त्याने ऐकले. सुनेला तिने काही विचारले नाही. विचारले असते तर उत्तर मिळाले असते, आणि मग काहीतरी करावे लागले असते.

त्यानंतरचा मंगळवार झुमरादचा होता. झुमरादच्या नवऱ्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया ताश्कंदला व्हायची होती, पुढच्या गुरुवारी. तिथेही होसियत मागण्याच्या जागी पुटपुटली. या खेपेला मागणे येणार नाही हे तिला आधीच माहीत होते.

फडके उचलले. पीठ जसे सपाट केले होते तसेच्या तसे.

मग करोमत, झुमरादची नणंद, गुडघ्यांवर हात मारून म्हणाली, "बघा गं बायांनो! माझा भाऊ सुरीखाली जाणार, आणि हिच्या मनात काय दडलंय कोण जाणे! ओतिनआयी, तुम्हीच सांगा, मन स्वच्छ असतं तर असं झालं असतं?"

सगळ्यांच्या नजरा होसियतकडे वळल्या. तिने पोथी मिटली. "खुदा जाणे," ती म्हणाली, आणि समोर आलेली पेज प्यायली.

त्या दिवसापासून नमाजानंतर ओंजळ धरली की तिला आपल्याच हातांची लाज वाटे. शुक्रवारी ती सुनेसमोर जाऊन बसली आणि खाली मान घालून सगळे सांगितले. नफोसतने टॅब घेतला, एकच पान दोन ब्राउझरमध्ये शेजारी शेजारी उघडले.

"हे बघा आयी. ज्याने कहाणी इथे चढवली त्याने मागण्याला मान द्यायचा म्हणून ते हिरव्या चौकटीत घातलंय. आणि या तिसऱ्याला चौकट म्हणजे जाहिरात वाटते. साबणवालीबरोबर त्याने मागणंही काढून टाकलं." ती थांबली. "माझी चूक. मी तपासायला हवं होतं."

"तुझी नाही," होसियत म्हणाली. "तुला ठाऊक नव्हतं. मला होतं."

सोमवारी सकाळी ती झुमरादकडे गेली. झुमराद दारापुढे पाणी शिंपडून झाडत होती. चेहरा ओढलेला. तिने केरसुणी टाकली, छातीवर हात ठेवला. "या ओतिनआयी, आत या, चहा घ्या. बरं झालं आलात. मी तुमच्याकडेच येणार होते." बसल्या बसल्या तिने सांगायला सुरुवात केली. "सात घरी जाऊन आले. तिन्ही जावांची माफी मागितली, शेजारणीशी चार वर्षं बोलत नव्हते, तिचेही पाय धरले. घरातलं पांघरूण न् पांघरूण धुतलं. तरी मला कळेना, माझ्या हातून असं काय घडलं? ह्यांनाही सांगवत नाही. तुम्हीच सांगा, आणखी कोणाकडे जाऊ?"

होसियतने हातातला पियाला खाली ठेवला.

"तुझ्या हातून काही घडलं नाही, पोरी. मी मागणं वाचलंच नाही."

मग तिने सांगितले. डोळे, टॅब, पुठ्ठा, ब्राउझर. सांगताना ते इतके क्षुल्लक वाटले, की त्याचीच जास्त लाज वाटली.

झुमरादने सगळे ऐकून घेतले. "करोमत मला बोलत होती, तेव्हा तुम्ही समोर होतात."

"होते."

"माझी पेज प्यायलात."

"हो."

झुमराद उठली, दारापाशी गेली, परत आली. "मला एकटीला सांगून काय उपयोग, ओतिनआयी? मला एकटीला कोणी बोललं नव्हतं. उद्या पुन्हा मंगळवार आहे. त्याच बायकांना बोलावते. त्यांच्यापुढे सांगा."

होसियतने मान हलवली. ती नाही म्हणूच शकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने पोथी घरी ठेवली. रेहलवर उघडा टॅब ठेवला, पहिला, टॅबबरोबर आलेला ब्राउझर उघडून. बायका टॅबकडे बघू लागल्या. करोमतने भुवया उंचावल्या. "काय हे ओतिनआयी, आज मंगळवार आहे की मालिका लावणार?"

"सांगते," होसियत म्हणाली, आणि मागच्या मंगळवारचे सगळे सांगितले. आवाज तिचा मुळातच हळू, त्या दिवशी तो इतका खाली गेला की मागच्या बायका गुडघ्यांवर पुढे सरकल्या. "झुमरादच्या मनात काही नव्हतं. माझ्या होतं. तिला बोल लागत होता आणि मी गप्प बसले."

करोमतने भावजयीकडे न बघता डोक्यावरचा रुमाल सारखा केला. "आता... मला काय ठाऊक," ती पुटपुटली. "पिठावर नव्हतंच ना काही. मी काय स्वप्नात बोलले?"

"स्वप्नात नाही," झुमराद म्हणाली. "सगळ्यांसमोर बोललीस."

इथेच थांबता आले असते. झुमरादचे काम झाले होते, दोनचार बायका रुमालाच्या टोकाने डोळेही पुसत होत्या. पण समोर उजव्या हाताला मुकद्दस बसली होती, नवे कानातले घालून, लेकीच्या सासरहून आलेले. तिच्या चेहऱ्यावर झुमरादबद्दल खरीखुरी कणव होती. होसियतला ते बघवेना.

"मुकद्दस," ती म्हणाली, "तुझ्या घरीही तसंच झालं होतं."

"काय झालं होतं?"

"मागणं नव्हतं. मी नुसती पुटपुटले."

मुकद्दस हसली, ओतिन वयामुळे घोटाळा करते आहे असे समजून. "काहीतरीच काय, आयी! माझी खूण उमटली होती. यांनी सगळ्यांनी पाहिली. लेक नांदतेय माझी."

"खूण उमटली, म्हणून तर मी गप्प राहिले. मला वाटलं, निभावलं."

आता कोणी डोळे पुसेना. रोबिया हळूच म्हणाली, "मग ती खूण कसली होती?" मुकद्दसचा चेहरा पांढरा पडत गेला. "म्हणजे माझी लेक मागण्यावाचून गेलीय? तिला तिथे काही झालं तर? मी तिच्या सासूला छातीठोकपणे सांगितलंय, खूण उमटली म्हणून!"

"आज झुमरादबरोबर तुझंही वाचते. नाहीतर उद्या तुझ्या घरी येते, तू म्हणशील तेव्हा."

"माझ्या दारात येऊ नका." मुकद्दस उठली. पायाचा धक्का लागून खाली अंथरलेल्या दस्तरखानचे टोक दुमडले, ते तिने सवयीने वाकून सरळ केले आणि दाराकडे गेली.

होसियतला तिच्यामागे जावेसे वाटले. पण झुमराद ओंजळ धरून बसली होती, आणि नवरा परवा सुरीखाली जाणार होता. तिने अक्षर मोठे केले आणि कहाणी सुरू केली. मध्येच काचेवर बुटांची जाहिरात उघडली. तिने बाही पसरली नाही. बोटाने ती बाजूला सारायला दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमली. हसले कोणी नाही. मग हिरवी चौकट आली, आणि तिने मागणे एकेक शब्द सुटा करत वाचले, झुमरादच्या नवऱ्याचे नाव घेतले, आणि न विचारता मुकद्दसच्या लेकीचेही घेतले.

बायका आमीन म्हणाल्या. बाहेर, दारापाशी मुकद्दस अजून उभी असल्यासारखी वाटली. होसियतने कान देऊन ऐकले, पण तिथून आमीन आले की नाही ते तिला कळले नाही, आणि मान वर करून बघायचे धैर्य झाले नाही. तिने पुढची ओळ शोधली.